मध्यावरचं घर

"तातोबा वाळवेकरांचं घर हेच ना?"

मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं मशीन बंद केलं आणि मान वर केली. दारात एक तरुण डॉक्टर उभा होता. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, गळ्यात ओळखपत्र. त्याच्या मागं सिस्टर, सिस्टरच्या मागं सरकारी गाडी, आणि गाडीच्या मागं आमची अख्खी पंचमुखी गल्ली. मे महिन्यातली सकाळ होती, नळाचं पाणी येऊन गेलं होतं आणि बायकांना दुसरं काही काम नव्हतं.

"हेच," मी म्हणाले.

"तुम्ही त्यांच्या मिसेस?"

"व्हय."

"मी डॉक्टर तांबोळी. तुमचे मिस्टर कालपासून सरकारी दवाखान्यात आहेत. कॉलरा झालाय. घाबरू नका, सलाईन लागलंय, आता बरे आहेत. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?"

मला कोण कळवणार? माझा नवरा सहा वर्षांपूर्वी मला सोडून गेला होता, आणि ही गोष्ट गल्लीत माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

गल्लीच्या लेखी तातोबा वाळवेकर सुरतेला होते. ते जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे कारागीर. आमचं शहर मागांचं आणि सुरतही मागांची, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. एक दिवस ते नेहमीसारखे कामावर गेले आणि आलेच नाहीत. तीन-चार दिवसांनी त्यांच्या शेडमधल्या एकाकडून निरोप आला, "वाट बघू नको म्हणाले." तो माणूस गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल तोच शेजारच्या सुभद्राकाकूंनी विचारलं, "काय गं मालन, मालक कुठं दिसंनात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुरतेला गेलेत. चांगलं काम लागलंय." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ वर्षानुवर्षं झाकून ठेवली की बोटं किती दुखतात, ते कुणी सांगत नाही.

ती सुरत सांभाळता सांभाळता माझ्या नाकी नऊ आले. दर दिवाळीला त्यांना रजा मिळायची नाही. मग वर्षातून एकदा मीच पिशवी भरून "सुरतेला" जायची. म्हणजे एस.टी.नं नरसोबाच्या वाडीला जायचं, धर्मशाळेत तीन-चार दिवस काढायचे, घाटावर बसून पाण्याकडे बघायचं, आणि येताना कोल्हापुरात एक साडी घ्यायची. "ह्यांनी घेतली." बायका पदर बोटांत धरून बघायच्या आणि म्हणायच्या, सुरतेच्या मालाला तोड नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात खरंखोटं विचारणारं कुणी नव्हतं. कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि गल्लीत कुणाचंही डोहाळजेवण असलं तरी ओटी भरायला पहिलं बोलावणं मला असायचं. माझ्याजवळ होतं ते एवढंच, आणि ते सगळं त्या सुरतेवर उभं होतं.

दुसरी बाई असणार, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. बाईशिवाय पुरुष घर कशाला सोडेल? मनात मी तिला चेहराही दिला होता. गोरी, उफाड्याची, नाकात चमकी. कांड्या भरताना मी तिच्याशी भांडायची. खरं सांगायचं तर त्या वर्षांत मी इतकं दुसऱ्या कुणाशीच बोलले नाही.

"तातोबाला कॉलरा?" सुभद्राकाकू पुढं घुसल्या. "तो सुरतेहून कवा आला?"

डॉक्टर गोंधळले. "सुरत? ते सुरतेला असतात? मग इथं येऊन राहिलेत का? मावशी, हे मला नीट सांगा, फार महत्त्वाचं आहे."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. शहरात ठिकठिकाणी पेशंट निघत होते. तोंडानं घ्यायची लस आली होती, पण सगळ्या शहराला पुरेल एवढी नव्हती. म्हणून पेशंट निघेल तिथं घेरा घालायचा. त्याचं घर मध्यावर धरायचं आणि हाकेच्या अंतरावरच्या सगळ्यांना लस पाजायची. "हा आजार आधी शेजारच्यांना गाठतो," ते म्हणाले. "घेरा वेळेत पडला तर तो तिथंच अडतो. पण मध्यावरचं घरच चुकलं, तर लस इथं आणि आजार तिकडं."

गल्लीनं यातलं एकच ऐकलं, की लस आपल्याला मिळणार. आठवडाभर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मागच्या पेठेतली एक म्हातारी दोन दिवसांत गेली होती.

"आला व्हता की," सुभद्राकाकू म्हणाल्या. "परवाच. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. डोक्याला टोपी, हातात पिशवी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पापणी लवली नाही बाईची. मग आणखी एकीला रात्री दार वाजल्याचं आठवलं. तिसरीला त्यांच्या खोकल्याचा आवाज ओळखू आला होता. ज्या माणसाला घरी आणायला मी सहा वर्षं देव पाण्यात घालून बसले होते, त्याला गल्लीनं बघता बघता आणून माझ्या घरात बसवला.

"खरं का मावशी?" डॉक्टरांनी मला विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळंच जमत होतं. नवरा आला होता, आजारी पडला, दवाखान्यात गेला. सुरतही खरी झाली असती. पण माझी जीभ वळेना.

"मी आधी त्यांना बघून येते," मी म्हणाले.

"चला, मीही तिकडेच निघालोय. तोवर सिस्टर इथं तयारी करतील."

दवाखान्यात कडेच्या खाटेवर ते होते. डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली, हातात सलाईनची सुई. खाटेखाली बादली. मी त्यांना कानांवरून ओळखलं. कान तेवढे पहिल्यासारखे मोठे होते.

"आलीस?" ते म्हणाले.

"पत्ता माझा का दिलासा?"

"घर कुठं, एवढंच विचारलं त्यांनी." त्यांनी डोळे मिटले. "मग दुसरं काय सांगायचं?"

शिव्यांची भली मोठी शिदोरी मी इतकी वर्षं बांधून ठेवली होती. त्यातली एकही त्या वेळी हाताला लागली नाही. मी खाटेच्या कडेला टेकले.

"ती कुठं हाय?"

"कोण?"

"जिच्यासाठी गेलासा ती."

ते माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी कानडीत काही विचारलंय. "कुणी न्हाई गं."

"मग सुरतेत एकटंच ऱ्हातासा व्हय?"

"कसली सुरत?"

मला माझंच हसू आलं. किती वेळा बोलले होते मी ते. माझाच त्यावर विश्वास बसला होता.

"नदीपलीकडं ऱ्हातो," ते म्हणाले. "नव्या वसाहतीत. शेडच्या मागं पत्र्याची खोली हाय."

"ह्याच गावात?"

"मग जाणार कुठं?"

चालत निघालं तर स्वयंपाकाआधी जाऊन परत येता आलं असतं, एवढ्या अंतरावर हा माणूस राहत होता. मी वाडीच्या घाटावर बसून सुरतेच्या गप्पा रचत होते आणि हे नदीच्या पलीकडे माग दुरुस्त करत होते.

"मग गेलासा कशाला?" मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली.

"काय सांगू मालन. त्या दिवशी काम सुटलं आणि घरला यावं वाटंना. म्हटलं उद्या वाटंल. उद्याबी वाटंना. मग लई दिवस झाले, तुला तोंड कसं दाखवायचं म्हणून तसंच ऱ्हायलं."

"मी काय केलं व्हतं?"

"काय न्हाई. तू काय केलं न्हाईस."

बाई असती तर बरं झालं असतं. बाईचा राग करता येतो, तिच्या नावानं बोटं मोडता येतात. ती गोरी होती आणि मी काळी, ती हसरी होती आणि मी आंबट, असं काहीतरी मनाला सांगता येतं. पण हा माणूस माझ्यापेक्षा बऱ्या कुणाकडे गेलाच नव्हता. माझ्यापेक्षा त्याला रिकामी खोली बरी वाटली होती. मला इतकं वाईट वाटलं की रडूसुद्धा आलं नाही.

"एक काम कर गं," ते म्हणाले. "शेजारच्या गंगव्वाची पोरगी कशी हाय, कुणालातरी बघाया सांग. भागी. मला उचलून आणलं तवा तीबी ओकत व्हती. आमी सगळी एकाच टाकीचं पाणी पितो."

"हे डॉक्टरला सांगितलंसा?"

"तवा धड शुद्ध कुठं व्हती मला? आत्ता आठवलं."

"मी सांगते."

"सांग." मग एकदम त्यांनी चादर घट्ट धरली. "पण तू नगं जाऊस तिथं."

"का?"

"नगं म्हणतो न्हवं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुणी नाही, कुणी नाही म्हणणाऱ्या माणसाचा जीव त्या खोलीत अडकला होता. म्हणजे बाई होतीच. मला जवळजवळ आनंदच झाला.

डॉक्टर बाहेर व्हरांड्यात उभ्या उभ्या चहा पीत होते. मी म्हणाले, "डॉक्टर, ते आमच्याकडं आले न्हाईत. परवा न्हाई, आणि सहा वर्षांत एकदाबी न्हाई. ते नदीपलीकडं ऱ्हातात. तिथं एक पोरगी कालपासून ओकतीया."

त्यांनी कप खाली ठेवला. मला काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "मग घेरा तिकडं घालायला हवा. आत्ता. आज माझ्याकडे लसीची एकच पेटी आहे, मावशी, आणि ती तुमच्या गल्लीत उतरलीय. तिथून ती उचलायची म्हणजे लोकांना काहीतरी सांगावं लागेल. मी सांगतो."

"तुमचं कोण ऐकंल? तिथं तातोबाला बघितलेली तीन माणसं हायत."

गल्लीत पोचलो तर माझ्या दारापासून चौकापर्यंत रांग लागली होती. सिस्टर पेटी उघडायच्या बेतात होत्या. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं, पेटी गाडीत ठेवायला सांगितली, आणि एकच गलका झाला. कुणी गाडीच्या दाराला हात घातला. "आमच्या तोंडातला घास काढून कुणाला देताय?" कुणी म्हणालं, वशिल्याच्या गल्लीत नेत असतील. सुभद्राकाकू तर गाडीपुढंच उभ्या राहिल्या. "अवो, मी बघितलाय न्हवं त्याला. तिच्या तोंडावर सांगते."

मी माझ्या उंबऱ्यावर चढले.

"काकू, तुमी कुणाला बघितलंसा मला ठाव न्हाई," मी म्हणाले. "ते आले न्हाईत. ते सुरतेलाबी न्हाईत, कवाच नव्हते. सहा वर्षं झाली मला टाकून गेल्याला. ते नदीपलीकडं ऱ्हातात. आजार तिकडं हाय, एक पोरगी ओकून ओकून पडलीया. पेटी जाऊ द्या."

मी वाट बघत उभी राहिले. आता कुणीतरी तोंडाला पदर लावेल, कुणी चुकचुकेल, कुणी त्या साड्यांचं विचारेल.

"मग आमची लस कवा?" मागून एक बाप्या म्हणाला.

आणि पुन्हा गलका सुरू झाला. उद्या येणार का परवा, नक्की का, लिहून द्या. जे मी जिवापाड जपलं होतं ते मी भर गल्लीत ओतलं, आणि गल्ली ते ओलांडून डॉक्टरांकडे गेली. फक्त सुभद्राकाकू माझ्याकडे बघत होत्या, आणि त्याही रागानं. "मग मी परवा बघितला तो कोण व्हता?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी पाण्यात टाकायचं औषध वाटलं, नवी पेटी आली की तुमच्या पेठेचाही विचार होईल म्हणून शब्द दिला, आणि गाडीला वाट मिळाली. मी दाराला कुलूप लावून गाडीत बसले.

"तुम्ही कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"खोली सापडायची न्हाई तुमाला," मी म्हणाले. मला तरी कुठं ठाऊक होती? मला ती बाई बघायची होती.

नव्या वसाहतीत शेडच्या मागं, नाल्याच्या कडेनं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. मागांच्या खडखडाटात माणसाला माणूस ऐकू येत नव्हतं. मध्ये एक सिमेंटची टाकी, झाकण तुटलेलं. शेवटच्या खोलीच्या दारात एक बाई उकिडवी बसून पितळी घासत होती. दारावर खडूनं "तातोबा जॉबर" लिहिलेलं होतं.

ही ती, मी म्हटलं. पण चेहरा काही जुळेना. सावळी, हाडकुळी, केस विस्कटलेले, नाकात चमकी नाही. माझी कुणीतरी फसवणूक केल्यासारखं झालं.

ती उठली. "तातूमामा कसं हायत?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

मामा. म्हणजे हीही ती नव्हती.

ही गंगव्वा. भागी शेजारच्या, त्यांच्या खोलीत गोधडीवर पडली होती, पाच-सहा वर्षांची, ओठ सुकलेले, हाक मारली तर डोळे अर्धेच उघडत होती. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि लगेच तिच्या बापाच्या हातात देऊन गाडीनं दवाखान्यात धाडलं. मग पेटी उघडली. खोल्याखोल्यांतून बाया-माणसं जमली होती.

"आधी माझ्या भागीला पाजायचं व्हतं की," गंगव्वा म्हणाली.

"तिला चालणार नाही. या लसीनं आजारी माणूस बरा होत नाही. जे अजून चांगले आहेत ते आजारी पडू नयेत म्हणून आहे ही. भागीला सलाईन पाहिजे, ते तिथं मिळेल."

झालं. माणसं मागं सरकली. आजारी पोरीला नाही आणि धडधाकट माणसाला पाजायचं, हे कसलं औषध? कुणीतरी कानडीत काही म्हणालं आणि दोन दारं लागली. डॉक्टर समजावत राहिले, पण त्या खडखडाटात त्यांचा आवाज पोचत नव्हता. शेवटी ते थकून माझ्याकडे वळले. "या मावशी तातोबांच्या घरच्या आहेत. यांना विचारा."

गंगव्वानं मला खालीवर न्याहाळलं. "तुमी कोण त्यांच्या?"

सकाळी भर गल्लीत बोलले होते, आता इथं बोलायला काय जात होतं? मी पदर सावरला. "मी त्यांची..."

"कारण बायको तर वारली त्यांची," गंगव्वा म्हणाली.

मागांचा आवाज चालूच होता. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कवा?" मी विचारलं.

"आमी इथं यायच्या आधी. पितरपाटातल्या नवमीला तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालतात मामा. दरसाल मीच असते."

पितृपक्षातली अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, भरल्या कुंकवानं गेलेल्या बायकांची तिथी. माझ्या नावानं इथं दर वर्षी पान वाढलं जात होतं आणि मी नदीच्या अलीकडे त्याच दिवशी कांड्या भरत होते.

"लई चांगली बाई व्हती म्हणं," गंगव्वा सांगत होती. तिचा आवाज मऊ झाला होता. "कांड्या भरताना गाणी म्हणायची. मामा आल्याबिगर जेवायची न्हाई. सांगता सांगता डोळ्याला पाणी काढतात."

मी जन्मात कधी गाणं म्हटलं नाही. आणि दिवेलागण झाली की मी जेवून घ्यायची, यांचं ताट झाकून ठेवायची. म्हणजे ती बाई होती तर. माझ्याहून चांगली, गोड गळ्याची, मायेची, आणि तिचं नाव मालनच होतं. मला कुणीतरी मारून तिला या पत्र्याच्या खोलीत आणून ठेवलं होतं.

"आणि कांडी भरताना जिभेचं टोक दातात धरायची म्हणं. बारकं पोर धरतंय तसं."

ही मात्र मीच. गाणी म्हणणारी बाई जीभ दातात कशी धरणार, हे गंगव्वाच्या लक्षात आलं नसावं. पण ती सवय माझी आहे, आज इतक्या वर्षांनंतरही आहे. कुणी समोर आलं की मी तोंड मिटते. म्हणजे माझं लक्ष नसताना कधीतरी हा माणूस दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. जिवंत बायकोला सांगायच्या गोष्टी त्यांनी मेलेल्या बायकोच्या सांगितल्या.

"तुमी सांगितलं न्हाई," गंगव्वा म्हणाली. "कोण तुमी?"

मी बायको म्हटलं असतं तर त्या क्षणी हा माणूस इथं लबाड ठरला असता, आणि त्याच्या घरची म्हणून आलेली मीही. मग औषधाला कुणी हात लावला नसता. हा विचार मी खरंच केला. पण त्याच्या आधी मला आणखी एक वाटलं होतं, ते सांगते. त्या चांगल्या बाईला माझ्यानं मारवेना.

"मी तिची थोरली भन," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पेटीत मान घातली.

गंगव्वानं पदरानं एक लाकडी पाट पुसला आणि माझ्यापुढं ठेवला. "बसा की अक्का. उभ्या का?"

"बसते. आधी ते औषध आणा डॉक्टर, मला द्या." त्यांनी एक कुपी फोडून दिली. मी सगळ्यांच्या देखत ती तोंडात ओतली. मासळी धुतलेल्या पाण्यासारखी चव होती. "हे बघा, प्याले. तुमच्या मामाला कॉलरा झालाय, भागीलाबी तोच. जे राहिलेत त्यांच्यासाठी हे हाय. माझ्या भनीच्या नावानं जेवलीस न्हवं तू? मग तिच्या नावानं हेबी पी."

गंगव्वा प्याली. तिनं तोंड वाकडं केलं तशी दोन बाया हसल्या. मग त्यांनी घेतली, मग त्यांच्या पोरांनी. लागलेली दारं उघडली. घेरा तातोबा जॉबरच्या खोलीपासून सुरू होऊन टाकी, शेड, नाल्याकडची झोपडी असा बाहेर बाहेर गेला. ऊन उतरेपर्यंत पेटी रिकामी झाली होती.

मी निघाले तेव्हा गंगव्वा माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. "अक्का, यंदा नवमीला तुमीच या. सख्खी भन असताना माझं पान बरं दिसत न्हाई. आणि सवाष्ण हायसा की." तिनं माझ्या मंगळसूत्राकडे बोट दाखवलं.

भागी वाचली. त्या खोल्यांतलं आणखी कुणी दवाखान्यात गेलं नाही, असं डॉक्टरांनी नंतर मला मुद्दाम येऊन सांगितलं. आमच्या गल्लीलाही पुढं पेटी आली, पहिल्या सुभद्राकाकू होत्या. मालक बरे होऊन आपल्या खोलीवर गेले. माझ्याकडे आले नाहीत. गल्लीला माझं गुपित हळूहळू आठवलं, लस पोटात गेल्यावर. श्रावणात समोरच्या सुनेचं डोहाळजेवण झालं, ओटी भरायला मला पहिलं काय, शेवटचंही बोलावणं आलं नाही. मी दार लावून कांड्या भरत बसले. भांडायला आता ती गोरी बाईही उरली नव्हती.

भाद्रपद आला. नवमीच्या सकाळी मी न्हाले, साडी नेसले आणि पूल ओलांडून गेले. का गेले? जेवायला बोलावणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून गेले असं म्हणा.

ते चुलीपुढं उकिडवे बसले होते, हातात पळी. "मामा, तुमची म्हेवणी आली बघा," गंगव्वा म्हणाली. ते वळले. पळीतली आमटी जमिनीवर सांडली. मी पाटावर जाऊन बसले.

त्यांनी स्वतः वाढलं. वडे, खीर, अळूची भाजी, भात. लग्नाच्या इतक्या वर्षांत या माणसानं मला कधी पाण्याचा तांब्या दिला नव्हता. आमटीला मीठ कमी होतं. मी बोलले नाही, पोटभर जेवले. गंगव्वानं माझी ओटी भरली. मग त्यांनी खण पुढं ठेवला आणि वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं, नवमीच्या सवाष्णीला करतात तसा नमस्कार केला. ते उठेनात. माझा हात त्यांच्या डोक्यापर्यंत गेला होता, पण काय आशीर्वाद द्यायचा ते मला सुचलं नाही.

गंगव्वा ताटं घेऊन टाकीकडे गेली तशी मी चपला घातल्या. ते दारापर्यंत आले. चौकटीला धरून उभे राहिले.

"पुढच्या साली येशील?" त्यांनी विचारलं.

"जिती ऱ्हायले तर येते," मी म्हणाले.